कवेलूखालचा समुद्र

वैशाख लागला की माझे तळहात खाजायला लागतात. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मी टेबलाच्या कडेवर तळहात घासत बसले की कुणीतरी हमखास म्हणतं, "मॅडम, पैसा येणार बघा." पैसा आजवर कधी आलेला नाही. येतो तो आईचा फोन. यंदाही आला. आई फोनवर हालहवाल विचारत बसत नाही, सरळ मुद्द्यावर येते.

"तलाव उतरला वं. खोडं उघडी पडून राह्यली. कवा येतं?"

आता चंद्रपुरातल्या या उन्हात खिडकीचा गज हात लावू देत नाही, पेपर तपासायचे पडलेत, आणि आईला घाई तलावाची. पण खरं सांगायचं तर तिच्याइतकीच घाई मलाही असते. धानोऱ्याच्या पुढे, जंगलाला पाठ टेकून बसलेलं आमचं गाव. तलाव जुना, मालगुजारीच्या काळातला. पाणी उतरलं की त्याच्या पोटातली काळी खोडं एकेक करून वर येतात, आणि त्यांच्या अंगावर एक करडी, खरबरीत खपली चिकटलेली असते. गावात तिला कुणी नाव दिलेलं नाही. वाळलेलं शेवाळ समजून लोक पुढे जातात. मी मात्र तिथेच बसते. त्या खपलीने मला एकदा अख्खा उन्हाळा जागचं हलू दिलं नव्हतं.

मी तेव्हा एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. प्राणिशास्त्र. प्रकल्पाचा विषय होता स्पंज, आणि मी समुद्र पाहिलेला नव्हता. यात हसण्यासारखं काही आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. विषय मीच मागून घेतला होता. प्रयोगशाळेच्या कपाटात एका बरणीत पिवळट पडलेला एक समुद्री स्पंज होता, त्याच्याकडे बघून बघून मला त्याचा लळाच लागला होता म्हणा ना.

स्पंज हा प्राणी आहे हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कमालीचा आनंद झाला होता, कारण प्राणी म्हणून मिरवावं असं त्याच्याकडे काहीच नाही. तोंड नाही, पोट नाही, काळीज नाही, मेंदू नाही. हातपाय तर सोडाच. लहानपणी कुठेतरी चिकटला की तिथेच जन्म काढायचा. अंगभर बारीक छिद्रं असतात, त्यांतून पाणी आत ओढायचं, त्यातलं खाणं गाळून घ्यायचं आणि उरलेलं पाणी वरच्या मोठ्या भोकातून बाहेर फेकायचं. दिवसभरात आपल्या आकाराच्या कितीतरी पट पाणी तो असा उपसतो. थांबला की मेला. एवढ्याशा भांडवलावर हा गडी समुद्राच्या तळाशी कोट्यवधी वर्षं टिकून आहे, आणि तेही एका रूपात नाही. पुस्तकाच्या रंगीत पानांवर मी रांजणासारखे स्पंज पाहिले, नळ्यांच्या जुडग्यासारखे पाहिले, पंख्यासारखे, आणि खडकावर कुणी शेंदूर सांडावा तसे पसरलेलेही पाहिले. फार खोल, जिथे ऊन कधीच पोचत नाही, तिथे तर काचेच्या जाळीचे स्पंज असतात. पाण्यात विरघळलेली सिलिका वेचून ते स्वतःच्या अंगात काचेच्या सुया घडवतात.

आणि त्याची रसायनं. पळता येत नाही, ओरडता येत नाही, चावता येत नाही, मग शत्रूला अडवायचं कसं? तर कडू व्हायचं. स्पंज आपल्या अंगात अशी काही विषं तयार करतो की मासा एक घास घेऊन पुन्हा वाटेला जात नाही. कधी ती विषं त्याची स्वतःची असतात, कधी त्याच्या अंगात भाड्याने राहणाऱ्या जिवाणूंनी केलेली. माणसाने त्यांतूनच कॅन्सरवरची, विषाणूंवरची औषधं शोधली. मी हे सगळं सुट्टीत घरी येऊन बाबांना सांगितलं होतं. बाबा खाटेवर, पाय प्लास्टरमध्ये.

"मंग माह्यासारखाच हाय तो," बाबा म्हणाले. "जागचा हालत नाई, अन् बोलणं कडू."

बाबांचा पाय मोडला होता घरावरची कवेलू, म्हणजे कौलं, फेरताना. पावसाळ्याआधी छप्पर नीट करून घ्यावं म्हणून चढले, आणि कुजका वासा निघाला. ते खाली आले, त्यांच्याबरोबर पाच-पंचवीस कवेलूही आली. हे नेमकं तेव्हाच, जेव्हा आमचा वर्ग स्पंज गोळा करायला कोकणच्या किनाऱ्यावर निघणार होता. आणि तेंदूपत्त्याचा हंगाम तोंडावर. आमच्याकडे तेंदू म्हणजे थोड्या दिवसांची धावपळ आणि वर्षभराचा आधार. आई एकटी किती पानं तोडणार?

मी माझ्या प्रकल्पाच्या मॅडमना जाऊन सांगितलं, मी किनाऱ्यावर येत नाही. मॅडम वाईट नव्हत्या, कडक होत्या. त्या म्हणाल्या, "सुजाता, विषय स्पंजचा आणि समुद्र नको, हे कसं चालेल? पुढच्या वर्षीच्या बॅचबरोबर जा. प्रकल्प तेव्हा पूर्ण कर."

पुढच्या वर्षी. मॅडमच्या तोंडी ते दोनच शब्द होते. आमच्या घरात त्यांचा अर्थ मला चांगला ठाऊक होता. बाबांचा पाय कसा जुळतो कोण जाणे, धाकटा भाऊ अजून शाळेत. एकदा शिक्षण सुटलं की पुढच्या वर्षी कुणी परत जात नाही. माझ्या मामेबहिणी गेल्या नाहीत, शेजारची शालू गेली नाही. हे मला होऊ द्यायचं नव्हतं. एवढं मी प्रयोगशाळेच्या दारातच ठरवलं, आणि पुढचं वाक्य माझ्याही नकळत तोंडातून गेलं.

"मॅडम, गोड्या पाण्यातही स्पंज असतो. आमच्या तलावात असेल."

"असेल की आहे?"

"आहे."

मॅडमनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "मग आण. पण जिवंत आण. वाळलेल्या खपलीवर मी सही करणार नाही. बाहेरचे परीक्षक आले की त्यांच्यासमोर तो पाणी उपसताना दिसला पाहिजे."

धानोऱ्याच्या बसमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी तलावातला स्पंज कधी पाहिलेलाच नाही. पाहिला असेल, पण ओळखला नसेल. तरीही मला भीती वाटली नाही. उलट मनात म्हटलं, चंद्रपूरकडे ज्या दगडाचं सिमेंट होतं तो चुनखडक म्हणजे कुठल्या तरी फार जुन्या समुद्राचाच तळ. समुद्र एकदा आपल्या दारी येऊन गेलाय, आता आपण कशाला त्याच्या दारी जायचं.

तेंदूच्या दिवसांचा वास मला आजही शहराच्या बाजारात कुठेतरी अचानक येतो. हिरवट, तुरट. पहाटे जंगलात शिरायचं, ऊन चढेस्तोवर पानं तोडायची, ओच्यात भरायची, गाठोडी डोक्यावर घेऊन घरी यायचं. दुपारी छपराखाली बसून पानावर पान लावत पुडे बांधायचे, आणि संध्याकाळी ते ठेकेदाराच्या फळीवर, म्हणजे खरेदीच्या मैदानावर, नेऊन मांडायचे. बोटं चिकाने काळी पडतात, ती महिनाभर निघत नाहीत. पुडे बांधताना बायांची तोंडंही चालू असतात. शेजारच्या शेवंताबाई रोज विचारायच्या, "काऊन वं सुजी, तुह्यावाला जनावर सापडला का तलावात?" आणि सगळ्या हसायच्या.

सापडला. फळीवरून परतताना मी रोज तलावाकडून यायचे. पाणी उतरत चाललं होतं, एकेक खोड उघडं पडत होतं, आणि त्यांवरची ती करडी खपली मी एकदा नखाने उचकटली. आत खसखशीसारखे बारीक पिवळे दाणे गच्च भरलेले होते. मी तिथेच चिखलात बसले. पुस्तकातलं चित्र मला पाठ होतं. पाणी आटू लागलं की तलावातला स्पंज मरतो, पण मरण्याआधी आपला जीव अशा कवचबंद दाण्यांत, बीजगोळ्यांत, गुंडाळून ठेवतो. समुद्रातल्या त्याच्या भाऊबंदांना सहसा हे करावं लागत नाही, त्यांचं पाणी आटत नाही. ऊन, वारा, चिखल, काहीही येवो, दाणा वाट बघत राहतो. पुन्हा पाणी मिळालं की त्यातून स्पंज बाहेर येतो. म्हणजे मला जिवंत स्पंज शोधायचा नव्हता. उगवून आणायचा होता, आणि उगवून आणण्याचं काम आमच्या घराला नवं नव्हतं.

मी खपल्या जपून काढल्या, सुपात भरल्या, आणि घराच्या मागच्या ओट्यावर सावलीत ठेवल्या. कुणाला सांगितलं नाही. दोनचार दिवसांत तेंदूचा ताण कमी झाला की शांतपणे पाण्यात घालायच्या, असा विचार. बुद्धपौर्णिमा जवळ आली होती.

आमच्याकडे बुद्धपौर्णिमेच्या आधी विहारातली पितळी भांडी घासायची पाळी घरोघरी फिरते. खिरीचे गंज, ताटं, समया. त्या वर्षी पाळी आमची होती. दिवसभर जंगलात, दुपारी पुडे, आणि वरून ही भांडी. मी फळीवर गेले होते. आईने मागच्या अंगणात भांडी मांडली, चिंच घेतली, तणसाच्या, भाताच्या पेंढ्याच्या, घासण्या वळल्या, आणि पाहिलं तर कोंड्याची राख संपलेली. ओट्यावर सुपात काहीतरी खरबरीत, राखेच्या रंगाचं. तिने चिमटीत घेऊन चोळून पाहिलं. खरखर लागलं. लेकीला आपली काळजी, भांडी घासायला म्हणून तलावावरून घेऊन आली, असं तिला वाटलं.

मी घरी आले तेव्हा अंगणात सूर्य उतरला होता. खोटं नाही सांगत, भांडी इतकी झळकत होती की डोळे दिपले. सूप रिकामं होतं. आई दोन्ही तळहात मांडीवर घासत बसली होती, लालभडक झाले होते.

"काय आणलं होतं वं तू? भांडे लखलख झाले. पण हात कसे पेटून राह्यले."

मी किंचाळले. काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण बाबांनी आतून खाट वाजवली एवढं आठवतं. मग मी रडले. आई गोंधळून बघत राहिली. सगळं सांगून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "मले का माहीत, ते जितं हाय म्हणून."

राग ओसरल्यावर शास्त्र सुचलं, तेव्हा मला जरा हसूही आलं. धानाच्या कोंड्यात सिलिका असते. म्हणून तर त्याच्या राखेने पितळ निघतं. स्पंजच्या सुया त्याच सिलिकेच्या. आईने राखेच्या जागी राखेचाच सख्खा भाऊ वापरला होता, फक्त हा भाऊ टोचरा होता. त्या काचेच्या बारीक सुया तिच्या कातडीत शिरल्या होत्या. मी तिच्या तळहातांना खोबरेल लावत बसले.

तरी माझा धीर सुटला नव्हता. तलावात खोडं होतीच. पौर्णिमेचा दिवस संपला की जाऊ, पुन्हा खपल्या काढू. पण पौर्णिमेला विहारात भांडी मांडली गेली, आणि वस्तीतल्या प्रत्येक बाईने आईला एकच प्रश्न विचारला. कशाने घासले वं? आईने भोळेपणाने सांगितलं. खाजेचं सांगायचं मात्र राहून गेलं.

मी तलावावर पोचले तेव्हा खोडं स्वच्छ होती. एकही खपली नाही. सगळी वस्ती येऊन खरवडून घेऊन गेली होती. उरलेल्या पाण्यात म्हशी बसल्या होत्या. त्या दिवशी आमच्या वस्तीत घराघरातली भांडी सोन्यासारखी झाली आणि घराघरातल्या बाया हात खाजवत दारात उभ्या राहिल्या. शेवंताबाई मला बघून लांबूनच ओरडल्या, "तुह्या जनावरानं खाल्लं वं आमाले!" मीही तिथल्या तिथे हसले. त्या दिवशी हसले नसते तर पुढचं काही करू शकले नसते, असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी टोपलं घेऊन घरोघर फिरले. वापरून टाकलेल्या तणसाच्या घासण्या मागायला. उकिरड्यावरच्या, मोरीतल्या, कोपऱ्यात पडलेल्या, ज्या असतील त्या. खसखशीएवढा दाणा तणसात अडकलेला असू शकतो, आणि चोळल्याने तो सहज फुटत नाही, हे मी वाचलं होतं. मी वाचलं होतं की समुद्रातला एक स्पंज कापडातून पिळून काढला, अगदी पाणी गढूळ होईपर्यंत, तरी त्याचे विखुरलेले कण पुन्हा एकमेकांना शोधून काढतात आणि स्पंज होतो. पिळून जगणारा घासून मरेल कसा? लोक म्हणत होते, पोरगी एवढी शिकली अन् घासण्या गोळा करून राह्यली. म्हणोत. एकाही घरातून मला रिकामं पाठवलं नाही. शेवंताबाईंनी तर आपली घासणी लालभडक बोटांच्या चिमटीत धरून अंगणाच्या टोकापर्यंत आणून दिली.

आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यातून मी ते सगळं गाळलं. भिंगाने दाणे शोधले. मिळाले, फार थोडे. काचेच्या बरण्यांत तलावाचं पाणी भरून त्यांत टाकले, बरण्या ओळीने ओट्यावर ठेवल्या. आई येता-जाता बरण्यांजवळून अंग चोरून जायची. आता तिला त्यांची भीती वाटायची, आणि लाजही. आठवडा गेला. पाणी गढुळलं. मग वास यायला लागला. मी पाणी बदललं, पुन्हा वास. तणसाचा अंश, चिंचेची आंबटाई, खरकटं, काय काय त्यात गेलं असेल. एकेक बरणी मी सांडत गेले. मृग लागला, लोक नांगरटीला लागले, बाबा काठी टेकत अंगणात येऊ लागले, आणि माझ्याकडे शेवटची बरणी उरली. तिलाही वास येत होता.

आमच्या मागच्या अंगणात फणसाखाली एक दगडी डोणी आहे. गुरांना पाणी पाजायची. बैल विकल्यापासून तिचं पाणी पाखरांसाठी. त्या उन्हाळ्यात मधमाश्या पाणी प्यायला येऊन बुडायच्या, म्हणून आईने बाबांबरोबर पडलेलं एक कवेलू तिच्यात तिरपं ठेवलं होतं. शेवटची बरणी मी त्या डोणीजवळच्या केळीच्या बुडाशी ओतली, आणि काही सुचेना म्हणून डोणीच्या काठावर बसले. पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. त्या काढाव्यात म्हणून कवेलू उचललं.

कवेलूच्या खालच्या अंगाला हिरवट-पांढरा एक ठिपका होता, मऊ. बोटाच्या पेराएवढा. त्याच्या मधोमध एक नाजूक पारदर्शक नळी वर आलेली. मी कवेलू हवेत धरलंय हे लक्षात येताच ते तसंच उताणं, घाईघाईने पुन्हा पाण्यात सोडलं, कारण स्पंजच्या अंगात हवा शिरली तर तो मरतो. आई भांडी विसळून झाल्यावरचं शेवटचं, जरा स्वच्छ पाणी कुठे टाकते, हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. उन्हाळ्यात आमच्याकडे पाणी वाया घालवत नाहीत. ते पाणी, दाण्यांसकट, डोणीत गेलं होतं, पाखरांना.

"आई!" मी हाक मारली. ती धावत आली, तिला वाटलं साप निघाला. मी तिला काठावर बसवलं, वाटीत चिमूटभर हळद कालवून आणली, काडीने तिचा एक थेंब त्या नळीच्या तोंडाशी सोडला. थेंब खाली बसायला हवा होता. तो बसला नाही. कुणी आतून फुंकर घालावी तसा वर उडाला, आणि पाण्यात पिवळा धागा उलगडत गेला.

आई पाण्यावर आणखी वाकली. मग म्हणाली, "माह्या हातून मेला नाई ना हा?"

"नाही आई. तुझ्याच हाताने उगवला."

ती पदराने डोळे पुसत आत निघून गेली. त्या दिवसापासून डोणीजवळ कोंबडीलाही जायची परवानगी नव्हती.

पुढे नोकरी लागल्यावर मी समुद्र पाहिला. ओहोटीच्या वेळी खडकांच्या खळग्यात वाकून पाहिलं, तर शेंदरी रंगाचा एक स्पंज खडकाला लपेटून बसला होता. पुस्तकातल्यासारखाच. मला वाटलं होतं की माझा ऊर भरून येईल. तसं काही झालं नाही. ओळखीच्या माणसाचा नातेवाईक भेटावा तेवढाच आनंद झाला. लाटा येत होत्या, जात होत्या, पाणी भरपूर होतं. याचं बरं आहे, असं मनात आलं, याला कधी सुकावं लागत नाही. पण सुकूनही राहता येतं ही विद्या मात्र आमच्या तलावातल्याकडे आहे.

पण ते पुढचं. त्या वर्षी परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघी पहिल्या बसने निघालो. मी आणि आई. रंगाच्या रिकाम्या, चोळून चोळून धुतलेल्या बादलीत डोणीचं पाणी, पाण्यात कवेलू, आणि बादली आईच्या मांडीवर. पितळी गुंडात न्यायचा तिचा आग्रह होता, परीक्षेला जायचं तर भांडं बरं दिसावं म्हणून. पितळेतलं तांबं त्याला मारेल, हे सांगितल्यावर तिने आग्रह लगेच सोडला. रस्त्यावर खड्डे होते. प्रत्येक खड्ड्याला आई बादली दोन्ही हातांनी वर उचलून धरायची. कंडक्टर म्हणाला, "बाई, मासोया हायेत का?"

"नाई गा," आई म्हणाली. "पोरीची परीक्षा हाय."

बाहेरचे परीक्षक घाईत होते. माझ्या वर्गमित्रांच्या बरण्यांत समुद्राचे सुरेख नमुने ओळीने मांडलेले, आणि माझ्यापुढे काचेच्या मोठ्या पात्रात एक कवेलू. सरांनी ते पाहून मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "दाखव, सुजाता."

मी हळदीचा थेंब सोडला. थेंब सावकाश खाली गेला आणि स्पंजवर बसला. नळी दिसतच नव्हती. मिटली होती.

"मृत आहे," सर म्हणाले, अगदी सौम्यपणे. "प्रवासात होतं असं. वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या वर्षी..."

"नाही सर," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "धक्के बसले की तो अंग आवळून घेतो. तो मेलेला नाही. बाकीच्यांचं बघून घ्या तोवर. मी इथेच बसते. तो उघडेल."

"आणि नाही उघडला तर?"

"उघडेल, सर."

ते पुढच्या टेबलाकडे गेले. मी टेबलावर हात ठेवले नाहीत, टेबल हलू नये म्हणून. आई दाराबाहेरच्या बाकावर बसली होती, तिला आतलं दिसत होतं. पंखा मी बंद करायला लावला. एकेकाची तोंडी परीक्षा होत होती, समुद्री स्पंजची नावं कानावर पडत होती, आणि मी त्या हिरव्या ठिपक्याकडे बघत बसले होते. त्याला ना डोळे, ना कान, ना माझी काळजी. पण तो जिवंत आहे तोवर त्याला पाणी उपसावंच लागेल, दुसरं काही त्याला येतच नाही, यावर माझा विश्वास होता. मलाही तेव्हा बसून राहण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं.

सर बॅग बंद करून माझ्या टेबलाशी आले, तेव्हा नळी नुकती वर येत होती. भाताच्या कोंबासारखी, पारदर्शक. मी थेंब सोडला. तो क्षणभर लोंबकळला, आणि मग वर उडाला. पिवळा धागा पात्रभर उलगडला. सरांनी बॅग खाली ठेवली. ते वाकले, म्हणाले, "पुन्हा." मी पुन्हा सोडला. मग त्यांनीच माझ्या हातातून काडी घेतली आणि लहान मुलासारखे थेंब सोडत राहिले.

"बीजगोळ्या उगवल्या कशा? कुठली पद्धत वापरली?" त्यांनी विचारलं.

मी दाराकडे बोट केलं. "आईने भांडी घासली, सर." आणि मग सगळं सांगितलं, घासण्यांसकट. मॅडम हसून हसून खुर्चीत बसल्या, आणि तशाच हसत त्यांनी सही केली.

मॅडमना तो विभागाच्या संग्रहात अल्कोहोलच्या बरणीत हवा होता. मी एक छोटासा तुकडा कापून दिला. तेवढ्याने त्याचं काही बिघडत नाही, तो पुन्हा भरून येतो. बाकीचा, कवेलूसकट, बादलीत परत ठेवला, कारण आई दारात बादली धरून उभीच होती. "घरचं हाय ते," ती म्हणाली, "घरी न्यायचं."

तलाव तोवर भरत आला होता. आम्ही स्टँडवरून घरी न जाता सरळ तलावाच्या पाळीवर, बांधावर, गेलो. आईने लुगडं खोचलं, पाण्यात उतरली, आणि बुडालेल्या एका खोडाच्या बेचक्यात ते कवेलू आपल्या हाताने, तोंड खाली करून, घट्ट बसवलं. वर आली. तळहात पदराला पुसले, आणि तिथेच थांबली. कशाची वाट बघतेय ते मला कळेना. थोड्या वेळाने तिने एक तळहात दुसऱ्यावर घासला, आणि तिचा चेहरा उजळला.

"खाजून राह्यले," ती म्हणाली, आणि समाधानाने घराकडे चालू लागली.